पाच ताऱ्यांनंतर आई

तारा पिवळा होता, फोमचा, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा, आणि त्याच्या पाठीवरच्या चिकटपट्टीच्या खरखरीत तुकड्यात निळी लोकर अडकून बसली होती – म्हणजे तो निदान दोन-तीन दिवस तरी शर्वीच्या स्वेटरच्या खिशात होता, आणि कुणीतरी तो खिशातल्या खिशात पुन्हा पुन्हा चोळला होता. हर्षाली वॉशिंग मशिनसमोर उकिडवी बसून तो उलटसुलट करत राहिली. कपडे टाकण्याआधी खिसे तपासायची तिची रोजची सवय; खिशातून खडे निघत, बडीशेप निघे, एकदा वाळलेला सुरवंट निघाला होता. तारा कधी नाही. तारे थेरपी सेंटरचे. ते तिथल्या पाटीवर लागतात, पाटीवरून डबीत जातात, डबी टेबलावर राहते. तारा घरी येतो तो एकाच तऱ्हेनं…

चोरला. माझ्या लेकीनं चोरला.

शर्वी चार वर्षं सात महिन्यांची. बोलत नव्हती अजून. ‘पा’ म्हणायची, ते पाणी की पप्पा हे प्रसंगावरून ठरवावं लागे. नावानं हाक मारली तर वळत नसे. आनंद झाला, भीती वाटली, नाहीतर नुसता पंखा जोरात फिरला, तरी दोन्ही हात खांद्यापाशी नेऊन फडफडवायची – ओलं पाखरू पंख झटकतं तशी. गंगापूर रोडवर, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दातांचा दवाखाना असलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर तिला रोज सकाळी दोन तास नेलं जाई. तिथे एक पाटी होती, पाटीवर पाच चौकोन. खुर्चीत बसलं, सांगितलेलं काम केलं, हात मांडीवर शांत ठेवले, की एका चौकोनात तारा. पाचही भरले की बक्षीस. कुणाला बिस्किट, कुणाला साबणाचे फुगे, कुणाला झोका. शर्वीसमोर पहिल्या आठवड्यात ह्या सगळ्या गोष्टी ओळीनं मांडून झाल्या होत्या, आणि तिनं त्यातल्या एकीकडेही न बघता दाराकडे धाव घेतली होती – दाराबाहेर बाकावर हर्षाली बसली होती. तेजस्विनी मॅडमनी वहीत लिहिलं, सर्वांत जास्त आवड : आई. तेव्हा हर्षालीला काय वाटलं होतं… ते आता आठवलं की कानशिलं तापतात. बोर्डात नंबर आल्यासारखं वाटलं होतं. झोक्याला, बिस्किटाला, फुग्यांना मागे टाकून ती पहिली आली होती. त्या दिवसापासून शर्वीला पाच ताऱ्यांनंतर आई मिळत असे. तीन मिनिटं. मग पाटी पुन्हा रिकामी.

म्हणजे हे गणित होतं. पाण्यासाठी धड शब्द नसलेल्या मुलीनं हे मनात मांडलं होतं, की पाच म्हणजे आई, आणि एक जर आपल्यापाशी आधीच असेल, तर तिकडून चारच मिळवायचे. चार आणि एक. हर्षालीला हसू फुटता फुटता थांबलं, कारण लगेच दुसरा विचार – ह्याची नोंद करायला हवी का?

“काय गावलं गं?” सासूबाईंनी विचारलं. कुसाबाई वणीकडच्या गावाहून गुडघ्याच्या उपचाराला येऊन राहिल्या होत्या आणि हॉलमध्ये खाली पाय पसरून वाटाणे सोलत होत्या. हर्षालीनं सांगितलं. सांगताना तिनं आवाज गंभीर ठेवला, पण म्हातारी खदखदून हसली. म्हणाली, बापावर गेली. महेश बी असाच, गुरुजींच्या टेबलावरचा खडू आणायचा आन् घरच्या भिंतीवर आपलीच हजेरी मांडायचा. मग हसणं ओसरल्यावर, शेंगेतले दाणे अंगठ्यानं ढकलत, आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, “आमी गाय पान्हवायला वासरू लावायचो. दोन घोट पिलं की ओढायचं आन् तिच्या म्होरंच खुट्याला बांधायचं. लय वरडायचं ते. पन आमी त्याला शाळा नाय म्हनलं कधी.”

“आई, हे वेगळं आहे.”

“आसंल बाई.”

वेगळं होतंच. म्हणजे असायला हवं होतं. इथे वही होती, तक्ते होते, दर शुक्रवारी आलेख निघत, आणि आलेखाची रेघ वर चालली होती. डिसेंबरात शर्वी चाळीस सेकंद बसायची, आता फेब्रुवारीत अकरा मिनिटं. बारा मार्चला शाळेत निरीक्षण होतं. शाळा लहान होती, दोन-तीन अशी मुलं घेणारी, आणि अशा शाळा नाशकात हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. तिथल्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलेलं, वीस मिनिटं एका जागी बसली पाहिजे, बाकी आम्ही बघू. वीस मिनिटं. आज सकाळी साडेसहाला ओझरची कंपनीची बस गाठायला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता महेश म्हणाला होता की पिक्चरच्या इंटरव्हलपर्यंतसुद्धा नाही गं वीस मिनिटं, होऊन जाईल. मग उभा राहून, डबा उचलून, तिच्याकडे न बघता – आज मॅडम पुढचा प्लॅन देणार आहेत ना, त्या म्हणतील तिथे सही करून टाक, प्रत्येक गोष्टीचा कीस काढू नकोस. चांगला माणूस होता महेश. थकलेला. तो तिला जपून बोलायचा. चार वर्षांपूर्वीच्या त्या नऊ दिवसांनंतर तो तिच्याशी नेहमीच असा, काचेचं भांडं ओट्यावर ठेवतात तसा, हळू आणि जरा दूरवरून बोलायचा.

तिनं शर्वीला दुसरा, लाल स्वेटर घातला. तारा रुमालात गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. हे करताना तिचं काहीच ठरलं नव्हतं, असं ती नंतर स्वतःला सांगणार होती.

स्कूटरवर पुढे उभी राहून शर्वी वाऱ्यात हात फडफडवत होती आणि हर्षाली, दोन्ही हात हँडलवर म्हणून, तिला थांबवू शकत नव्हती. सकाळच्या गारठ्यात रस्त्यावर कुठे कुठे अजून धुकं होतं, टपरीपाशी कॉलेजची पोरं चहाचे ग्लास तळव्यात फिरवत उभी होती, त्यातल्या एकानं शर्वीकडे बघून तसेच हात फडफडवले – चिडवायला की गंमत म्हणून, कळलं नाही, स्कूटर पुढे गेली होती. हर्षालीला घाम फुटला. मग वाटलं, का? पोरगी वाऱ्यात होती, हात हलवत होती. ह्यात चुकलं काय होतं… पण हा प्रश्न तिच्या डोक्यात फार वेळ टिकत नसे. त्याच्यामागोमाग बारा मार्च येई.

तिनं तारा दिला. दारातच, चपला काढायच्याही आधी, रुमाल उघडून तेजस्विनी मॅडमच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, स्वेटरच्या खिशात होता, मला वाटलं तुम्हाला सांगायला हवं. तेजस्विनी सव्वीस-सत्तावीसची असेल. डोळ्यांखाली काळं, केसांना नेहमी पेन खोचलेलं, आवाज मऊ. तिनं तारा पाहिला, हर्षालीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. “हे फार छान केलंत तुम्ही, ताई. सगळे पालक एवढे प्रामाणिक नसतात.”

आणि हर्षालीच्या छातीत ऊब पसरली. खरोखरची, गरम पाण्याची पिशवी ठेवावी तशी. ती जिन्यातल्या गार भिंतीला टेकली आणि ती ऊब तिनं पुरवून पुरवून घेतली. तेवढ्यात तेजस्विनी पाठमोरी होऊन मदतनीस बाईंना सांगत होती की आजपासून ताऱ्यांची डबी कुलपात ठेवायची, आणि शर्वीला आज पाच नाही, सहा. पाटीला एक चौकोन वाढवा. चुकीची गोष्ट फळता कामा नये.

बघायची खोली म्हणजे एक अडगळीची जागा होती, एका भिंतीत काच, काचेला पलीकडून आरशासारखा कागद. इथून शर्वी दिसे, शर्वीला इथलं काही दिसत नसे. हर्षालीचं काम एवढंच, की आवाज करायचा नाही, आणि बोलावलं की आत जाताना चेहऱ्यावर रडू, काळजी, घाई असलं काही ठेवायचं नाही. तारे भरले तरच हसायचं. हे तिला पहिल्याच दिवशी जमलं होतं. मॅडमना नवल वाटलं होतं. बहुतेक आयांना जमत नाही म्हणाल्या, पोर रडायला लागलं की त्यांचा चेहरा फुटतो.

माझा फुटत नाही. माझा नऊ दिवसांत भाजून निघालेला आहे.

शर्वी सहा आठवड्यांची होती तेव्हा. हर्षाली तिचे श्वास मोजायची. आपण मोजायचं थांबलो तर ते थांबतील हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं, आणि हे ठाऊक असलेल्या बाईनं झोपायचं तरी कसं? पाच दिवस ती झोपली नाही. मग शहराच्या दुसऱ्या टोकाचं एक दुमजली नर्सिंग होम, हिरव्या चादरी, खिडकीला बारीक जाळी. पहिले दोन दिवस तिचे हात पलंगाला बांधले होते – सुती पट्टीनं, आत कापूस घालून, टोचू नये म्हणून. काळजीपूर्वक बांधले होते, हेच तिला राहून राहून आठवे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, वयस्क, सोज्वळ, त्यांनी स्वतः पट्ट्या सोडल्या आणि म्हणाले की असं बांधून काही होत नाही, आपण दुसरी पद्धत वापरू. दुसरी पद्धत पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर लिहिली होती. ताट संपवलं – बाळ दहा मिनिटं. गोळी घेऊन दुपारी झोपली – बाळ पंधरा मिनिटं. रडली, ओरडली, दार वाजवलं – बाळ नाही. शर्वी खालच्या मजल्यावर सासूबाईंजवळ असायची. फरशीतून तिचं रडणं वर येई. चतुरामावशी, तिथल्या आया, घड्याळ बघून तिला वर आणत आणि चांगुलपणानं म्हणत, “घ्या ताई, आज ताट चाटूनपुसून खाल्लंत, म्हनून लवकर आनली.”

बांधल्याचं तिला तितकंसं वाईट वाटत नसे. बांधलेलं दिसतं तरी. मनगटांवर वळ उठले होते, महेशनं ते पाहून तोंड फिरवलं होतं, म्हणजे त्यालाही दिसले होते. पुढे ते हळद लावून गेले. दुसऱ्या पद्धतीचा वळ कुठेच उठला नाही. कुणाला दाखवणार, आणि काय म्हणून दाखवणार – मला जेवू घातलं? माझी मुलगी मला आणून दिली? सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ताट संपवण्यापेक्षा ताट संपवताना थोडं हसलेलं जास्त चालतं. आठव्या दिवशी तिला कळलं की तीन वाक्यं लागतात. झोप लागते. भूक लागते. बाळाची आता भीती वाटत नाही. नवव्या दिवशी तिनं ती तिन्ही, मध्ये नीट थांबून, म्हटली. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला. तिसरं वाक्य खोटं होतं. ते आजही खोटं आहे. पण घरी सोडलं, पेढे वाटले, सगळे म्हणाले बरी झाली, आणि ती बरी झाली होती की शिकली होती हे विचारण्यासारखं माणूस तिच्या ओळखीचं नव्हतं. ती स्वतःसुद्धा नव्हती.

काचेपलीकडे तीन तारे झाले होते.

कॉलेजात बी.ए.ला मानसशास्त्र होतं तिचं. तासाला येणारे सर बारीक अंगाचे, शर्टाच्या बाहीला खडूची धूळ. पेटीतला उंदीर, दांडी, दाणा – हे सगळ्यांना पाठ होतं, परीक्षेला हमखास यायचं. पण एकदा सरांनी मध्येच पुस्तक मिटलं आणि विचारलं, की समजा मी ओरडलो आणि तुम्ही गप्प बसलात, तर शिकलं कोण? मुली म्हणाल्या, आम्ही. सर म्हणाले, “मी. मी ओरडलो आणि मला शांतता मिळाली. उद्या मी लवकर ओरडेन.” मग फळ्याकडे वळून, जणू फळ्याला सांगत, ते म्हणाले होते की जबरदस्ती झालेला जीव पळतो, लपतो, नाहीतर उलटतो. तिन्ही गोष्टी मोजता येतात. आणि जो ह्यातलं काहीच करत नाही, त्याच्या कागदावर आपण सुधारणा असं लिहितो. हर्षालीनं हे तेव्हा वहीत उतरवून घेतलं नव्हतं. परीक्षेला येण्यासारखं वाटलं नव्हतं.

पळणं शर्वीनं केलं होतं, पहिल्या आठवड्यात, दाराकडे. लपवणं तिनं परवा केलं. उरलं काय…

चौथा तारा लागला. शर्वी पाटीकडे बघत होती. मग तिचा उजवा हात मांडीवरून उठला – तेजस्विनीनं डोळे बारीक केले, पण तो फडफडायला उठला नव्हता – तो हळूच, अगदी सावकाश, लाल स्वेटरच्या खिशात गेला.

हर्षाली काचेला नाक लागेल इतकी पुढे सरकली.

हात खिशात फिरला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. मग दुसऱ्या खिशात. शर्वीनं खिशाचं अस्तर चिमटीत धरून बाहेर ओढलं आणि त्या पांढऱ्या रिकाम्या कापडाकडे बघत राहिली, जसं कुणी कुलूप न उघडणाऱ्या किल्लीकडे बघतं. ती लगेच रडली नाही. मान वर करून तिनं पाटी मोजली – बोटानं नाही, डोळ्यांनी, हर्षालीला ते काचेतूनही कळलं – चौकोन सहा होते. आणि मग ती रडली. तोंड उघडून, आवाज उशिरा येणारं, निळं रडू. हात वर गेले, जोरजोरात, खुर्ची मागे सरकली. तेजस्विनी उठली, तिच्यामागे गुडघ्यांवर बसली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन मांडीवर दाबून धरले. दुखेल असं नाही. मऊपणानं. कानाशी तेच तेच शब्द, शांत हात, शांत हात, शांत हात. खुर्चीचे पाय फरशीवर खरवडत होते. किती वेळ? भिंतीवर घड्याळ होतं पण हर्षाली तिकडे बघत नव्हती, ती स्वतःच्या मनगटांकडे बघत होती, जी तिनं नकळत एकमेकांवर ठेवली होती.

मी दिला तो. तिचा होता. तिच्याकडे तेवढाच एक होता, आणि तो मी दिला, ‘फार छान केलंत ताई’ ह्यासाठी.

रडू थांबलं. एकदम नाही, नळ बंद केल्यावर पाइपात उरलेलं पाणी येत राहतं तसं. शर्वीचे हात मांडीवर होते आणि आता त्यांना कुणी धरलेलं नव्हतं. पाचवा तारा. मग एक ठोकळा ठेवला, सहावा. तेजस्विनीनं काचेच्या दिशेनं मान हलवली.

हर्षाली आत गेली. हसत गेली, कारण तारे भरले होते. तिनं हात पसरले, आणि शर्वीनं तिला पाहिलं – आणि खुर्चीतून उठायच्या आधी, मान वळवून, तेजस्विनी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अर्धा क्षण. मॅडमनी हो म्हटलं. मग ती आली.

तीन मिनिटं ती कुशीत होती. जड, गरम, नाकातलं ओढत. हर्षालीला त्या तीन मिनिटांतलं काही आठवणार नव्हतं, तो अर्धा क्षण सोडून. चतुरामावशींनी बाळ पुढे केलं की ती स्वतःसुद्धा आधी मावशींचा चेहरा वाचायची. घेऊ? किती वेळ? मग बाळाकडे. आपल्याच बाळाकडे, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून वळसा घालून. आज तोच वळसा घालून तिची मुलगी तिच्याकडे आली होती.

शर्वीला मदतनीस बाईंनी पाणी प्यायला नेलं तेव्हा तेजस्विनीनं कागद पुढे ठेवला. दोन पानं, मराठीत, सुबक छापलेली. तिनं बोट ठेवून समजावलं. आईचा उपयोग फार चांगला होतोय, पण घरी आई फुकट मिळते, त्यामुळे इथे तिचा जोर कमी पडतो. तर पुढचे चार आठवडे, निरीक्षणापर्यंत, घरीसुद्धा सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी आईनं समोर यायचं नाही, आजी आहेत ना, त्या बघतील, ताऱ्यांनंतर आई. आणि दुसऱ्या पानावर, गरज पडल्यास हात धरून शांत करण्याला संमती. इथे आणि इथे सही.

“फुकट,” हर्षाली म्हणाली. तिला तो शब्द नुसता तोंडात धरून बघायचा होता.

तेजस्विनीला तो टोचला असावा. ती केसांतलं पेन काढून त्याच्याशी खेळली. मग तिनं मऊ आवाज सोडून दिला आणि साध्या, दमलेल्या आवाजात बोलली. “खरं सांगू ताई? मलाही नाही आवडत धरायला. घरी गेल्यावर हात दुखतात. पण ती रडायची थांबते ना, तेव्हा मला इतकं बरं वाटतं…” तिनं वाक्य पुरं केलं नाही. बाहेर कुठल्यातरी दुसऱ्या मुलाची वेळ झाली होती, दाराशी एक आजोबा घसा खाकरत उभे होते.

आणि तेजस्विनीचा रागही करता येईना. रोजची आठ मुलं, आठ पाट्या, महिनाअखेरीला वर जाणाऱ्या रेघा दाखवायच्या. वर न गेलेली रेघ कुणाला दाखवायची सोय नसते. तिच्याकडे बघताना हर्षालीला वाटलं की हिलाही कुणीतरी काचेपलीकडून बघत असेल, आणि त्यालाही कुणीतरी.

फोन थरथरला. महेश. झाली का सही, आणि पुढे एक अंगठा. तिनं पेन घेतलं. शाळा होती. बारा मार्च होता. आणि हे सगळं चुकीचंच आहे असं तरी कुठे होतं – डिसेंबरात ही पोर रस्त्यावर हात सोडून गाड्यांखाली धावायची, आता थांब म्हटलं की थांबते. ते ह्याच पाटीनं केलं होतं. जी थांबते ती जगते. जी ताट संपवते ती घरी जाते. तिनं सहीतला पहिला ह काढला, तिची सही लपेटदार होती, कॉलेजात असताना बसवलेली, आणि ह च्या शेपटीपाशी पेन थांबलं. तेजस्विनी हसून वाट बघत होती. तेच हसू, सकाळचं, उबेचं. हर्षालीला जाणवलं की आपला चेहरा त्या हसण्याला उत्तर म्हणून हसायच्या तयारीत आहे, गालाचे स्नायू गोळा झालेले आहेत, तिला स्वतःला न विचारता.

घरी विचारून उद्या आणते, ती म्हणाली. तेजस्विनी म्हणाली, चालेल, पण उद्या नक्की हं, दिवस कमी आहेत. कागद घडी करून पर्समध्ये गेला, त्यावर एक सुटा ह.

जिन्यात शर्वीला बूट घालायचे होते. खालच्या पायरीवर तिला बसवून हर्षाली वरच्या पायरीवर टेकली, आणि टेकल्यावर उठवेना. हा थकवा जुना होता. चार वर्षं तो तिच्याबरोबर होता, सकाळी उठायच्या आधी तो उठलेला असे; डॉक्टरांनी त्याला आजाराचं शेपूट म्हटलं होतं, महेशनं लोहाच्या गोळ्या आणल्या होत्या, सासूबाईंनी खारीक-खोबऱ्याचे लाडू. तिनं सगळं मुकाट खाल्लं होतं. आज पहिल्यांदा तिला तो बाहेरून दिसल्यासारखा वाटला. दिवसभर कुणी पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन, एक थेंब न सांडता, शिवाय हसत, घरभर कामं करत फिरलं तर ते थकेल. त्याला लोह कमी पडलं असं कोण म्हणेल? ती चार वर्षं नीट वागत होती. महेशनं काचेच्या भांड्यासारखं हळू ठेवलं तर भांड्यासारखी गप्प, सासूबाईंसमोर समंजस, मॅडमसमोर प्रामाणिक. दाखल्यासारखं वागत होती, कधीही कुणीही येऊन तपासावं. तपासायला तर कुणी येत नव्हतं. आणि शर्वीला ती हेच द्यायला निघाली होती. वीस मिनिटं. मग चाळीस. मग आईएवढी, एकोणतीस वर्षांची होईपर्यंत…

आणि नाही केली सही तर? तर घरी काय, आणि कुठली शाळा, आणि ती गर्दीच्या रस्त्यावर एकदा हात सोडवून… तिनं ह्याचं उत्तर शोधायचा प्रयत्न केला आणि तिथे नुसती भिंत लागली, जिन्यातली, पान खाऊन थुंकलेली.

खालून एक माणूस दवाखान्याची खोकी घेऊन वर येत होता. दोन पायऱ्या अलीकडे थांबून म्हणाला, “ताई, जरा सरता का? वाट अडलीय.”

एरवी ती झटक्यात उठली असती, सॉरी दादा म्हणाली असती, दोनदा. शर्वीला ओढून भिंतीशी धरलं असतं आणि त्यानं ठीक आहे म्हटल्यावरच तिला पुढचा श्वास आला असता. आता ते शब्द आलेच नाहीत. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्यात काहीतरी होतं, छातीच्या खाली, बेंबीच्या वर, खरखरीत, आणि ते काय आहे हे कळायला तिला वेळ लागला, इतक्या वर्षांत ते भेटलं नव्हतं. राग होता. ह्या बिचाऱ्या माणसावर नाही. महेशवर, असेल, त्या सोज्वळ डॉक्टरांवर, असेल, सकाळी दारात रुमाल उघडणाऱ्या बाईवर तर नक्कीच. पण कुणावर हे ठरवायची तिला घाई नव्हती. हा राग कुणाला दाखवून तिला काही मिळणार नव्हतं. मुलगी दहा मिनिटं जास्त मिळणार नव्हती, शाबासकी मिळणार नव्हती, घरी सोडणार नव्हते. दिसला तर उलट महेश गोळ्यांची पाकिटं तपासेल. तरी तो होता. कुणीच मागितला नव्हता आणि तो आला होता.

तिनं पाय आत घेतले. माणूस खोकी सावरत वर गेला. शर्वी एक बूट घातलेली, एक न घातलेली, जिन्याच्या जाळीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत होती. हर्षालीनं दुसरा बूट हातात घेतला आणि तशीच बसून राहिली, खूप दमलेली, आणि त्या खरखरीतपणाला पोटात हात लावून बघत असल्यासारखी – अजून आहे का… आहे.